तीन महिने टिकणारं फूल

आमच्या सोसायटीत मला ऑर्किडवाले काका म्हणतात. खारघरमध्ये बाराव्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी, तिला हिरवी जाळी लावलेली, आणि जाळीच्या आत अकरा कुंड्या. एवढ्यावर हे नाव मिळालं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, अगदी गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळीसुद्धा दारात उभी राहून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. मी नवीन आहे, मला जमेल असं आणि जास्त दिवस टिकणारं ऑर्किड कुठलं घेऊ?

मी उत्तर नीट देतो. पहिलंच घ्यायचं असेल तर फॅलेनॉप्सिस घ्या, असं सांगतो. रुंद पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं, नर्सरीत सगळ्यात पुढे मांडलेलं असतं ते. घरात राहतं, कडक ऊन मागत नाही, आणि एकदा उमललेली फुलं दोन महिने सहज, नीट सांभाळली तर तीन महिने राहतात. बाल्कनीत ऊन येत असेल तर डेंड्रोबियम. आपली दमट हवा त्याला मानवते, फुलं महिना-दीड महिना टिकतात आणि आपल्या चुका ते बऱ्यापैकी सोसतं. ओन्सिडियमची बारीक पिवळी फुलं हौसेला चांगली, पण तीन-चार आठवड्यांत आटोपतात. व्हांडा पहिल्यांदा घेऊ नका, त्याची मुळं उघडी लोंबत असतात आणि त्यांना रोज पाणी लागतं. सिंबिडियम फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी त्याला थंडी हवी, पनवेलची हवा त्याच्या कामाची नाही. घेताना उमललेल्या फुलांना भुलू नका, कळ्या किती आहेत ते बघा. मुळं घट्ट आणि हिरवी किंवा चांदीसारखी हवीत. पाणी आठवड्यातून एकदा, तेही मुळांना. पानांच्या बेचक्यात साचू द्यायचं नाही. आणि शेवटचं, जे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो: त्या खोलीत आंबे पिकायला ठेवू नका.

इथे लोक हसतात. पिकत्या फळातून एक वायू सुटतो, त्याने फुलं अकाली म्हातारी होतात आणि गळतात, असं मी समजावून सांगतो. ते ऐकून मान डोलावतात आणि जातात. मला हे कसं कळलं, ते कोणी विचारत नाही.

मागच्या महिन्यात नवव्या मजल्यावरच्या मुलीने लिफ्टमध्ये मला गाठलं. नोकरी करणारी, नुकतंच लग्न झालेली. मी नेहमीसारखं सगळं सांगितलं आणि सहज विचारलं, कोणासाठी हवंय?

"बाबांसाठी. ते पेणला एकटेच असतात. माझं जाणं होत नाही हो काका फार. निदान फुलं तरी राहतील ना त्यांच्याजवळ."

नववा मजला आला, ती उतरली. मला बाराव्यावर उतरायचं होतं, पण दार उघडून बंद झालं तरी मी उभाच राहिलो आणि लिफ्ट मला परत खाली घेऊन गेली. तिने जे सहज बोलून टाकलं ते मी कधी मोठ्याने बोललो नव्हतो. मी फक्त तसं वागलो होतो.

माझी ताई माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि आईही त्यानंतर फार काळ राहिली नाही. ताई पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात लागली आणि तिने मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. वडाळे तळ्यापासून पाच मिनिटांवर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. मी तिथेच मोठा झालो, आणि ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

त्या घरात शनिवारची फुलपुडी आणणं हे माझं काम होतं. इतर दिवशी फुलवाला पुडी दाराच्या कडीला अडकवून जायचा. शनिवारी ताईचा उपास असायचा, त्या दिवशी ती फुलवाल्याला सुट्टी द्यायची आणि मला बाजारात पिटाळायची. पानात बांधलेली शेवंती आणि झेंडू, थोडी तुळस, मारुतीसाठी रुईची माळ. मी सात वर्षांचा असल्यापासून हे चाललं. पुढे माझं लग्न झालं, खारघरला फ्लॅट घेतला, मुलगा झाला. तरी शनिवारी सकाळी पनवेलच्या बाजारात जाऊन फुलपुडी घ्यायची आणि ताईचे दोन जिने चढायचे, हे वीसेक वर्षं मोडलं नाही. ती चहा टाकायची, खिचडी वाढायची, तासभर माझी उलटतपासणी घ्यायची. मी आणलेली पुडी सोडताना ती प्रत्येक वेळी म्हणायची, "शिळी बांधलीन मेल्याने," आणि मग तीच फुलं देवाला घालताना अगदी सावकाश घालायची.

ती पुडीची वाट बघत नव्हती, माझी बघत होती. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळल्याचं नाटक मी फक्त स्वतःपुढे करत होतो.

मग मी जासईच्या कंटेनर यार्डात वरच्या जागेवर गेलो. शनिवारीही काम असायचं. कधी सकाळी जाऊन यायचो, कधी संध्याकाळी, कधी रविवारवर ढकलायचो. कामाचं कारण खरं होतं. पण त्याच्या आडून मी कंटाळा लपवत होतो. तेच जिने, तीच खिचडी, "वजन का कमी झालं" हा तोच प्रश्न. ताईचे गुडघे त्याच सुमाराला धरले. ती खाली उतरेनाशी झाली, म्हणजे तिला माझी गरज वाढली, आणि नेमकं तेव्हाच मला ते जड व्हायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी, गुढीपाडव्याच्या आधी, आपटा गावाकडून येताना रस्त्यालगतच्या एका नर्सरीत मी थांबलो. मालक तिथल्याच गावचा, लुंगी आणि टी-शर्टमधला साठीचा माणूस. समोर फॅलेनॉप्सिसची रांग होती.

"कोनासाठी पायजे साहेब?"

"बहिणीसाठी. तिने हे असलं कधी लावलेलं नाही. सोपं द्या. आणि जास्त दिवस टिकणारं."

"किती दिवस टिकाया पायजे?"

"जेवढे जास्त तेवढे."

तो हसला. "म्हंजे परत परत यायला नको. बरोबर हाय. ह्ये घ्या. नाय नाय, त्ये नको, त्याची सगली फुलली हायत. याच्यावर कळ्या बगा. तीन मैने कुठं जात नाय."

परत परत यायला नको. त्याला म्हणायचं होतं, नर्सरीत. मी पैसे देताना त्याच्याकडे बघू शकलो नाही.

ताईने दार उघडलं, कुंडी बघितली आणि चष्मा वर सरकवला. "हे काय रे? प्लास्टिकचं आहे का?"

"खरं आहे. हात लावून बघ."

"नको बाबा. खरं असलं तर मोडेल, खोटं असलं तर तुझा अपमान होईल. देवाला कसं घालायचं?"

"तोडायचं नाही गं ताई. असंच ठेवायचं. एकदा उमललं की तीन महिने राहतं."

"तीन महिने!" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "म्हणजे तीन महिने तुझी सुट्टी."

"काहीतरीच काय. फुलं गळली की सांग, मी लगेच दुसरं घेऊन येतो."

"सांगेन हो."

बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही कुंडी ठेवली. पाणी कधी, किती, कुठे, हे मी एकदाच सांगितलं. तिने ते शाळेचं परिपत्रक ऐकावं तसं ऐकलं. पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. फोन केला.

"फुलं आहेत ना?"

"आहेत. दोन कळ्या उघडल्या. आता पाच झाली. मी शनिवारची पूजा झाली की पाणी घालते, बेचक्यात एक थेंब पडू देत नाही. शेजारच्या खालालासुद्धा आणून दाखवलं."

खाला म्हणजे ताईची शेजारीण. कोकणी मुसलमान, नवरा कुवेतला होता तो वारला, मुलं दोहाला. तीस वर्षं दोघींची दारं समोरासमोर. ईदचा शीरखुर्मा इकडे यायचा आणि दिवाळीचं ताट तिकडे जायचं, आणि पाण्याच्या टाकीवरून वर्षातून एकदा दोघींचं कडाक्याचं भांडणही व्हायचं.

त्यानंतर तो प्रश्न माझी सवयच झाला. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, यार्डात चहा येतो तेव्हा, मी फोन लावायचो. फुलं आहेत ना? आहेत. मग ठीक आहे. फुलं आहेत म्हणजे ताई ठीक आहे, घर ठीक आहे, मला जायला नको. एका झाडाला मी माझ्या जागी बसवलं होतं आणि त्याने काम चोख चालवलं होतं.

मेच्या सुरुवातीला आपट्याच्या एका सहकाऱ्याने त्याच्या कलमांचे दोन पेट्या कच्चे हापूस दिले. आंबे पिकवायचं काम दरवर्षी ताईचं. ती भाताच्या पेंढ्यात अढी घालायची, आतल्या खोलीत, पलंगाखाली, आणि रोज एकेक आंबा हातात घेऊन, हुंगून, फिरवून ठेवायची. खारघरला आमच्याकडे पेंढा नाही आणि ते हातही नाहीत. मी ऑफिसच्या गाडीतून पेट्या घेऊन गेलो. गाडी खाली उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. दोन जिने पेट्या चढवून माझा श्वास फुलला होता.

"आत ठेव, पलंगाखाली," ताई म्हणाली. "मला उचलवत नाहीत रे आता."

पायात यार्डातले बूट होते. ते काढायचे, आत जायचं, दोनदा वाकायचं. मी दोन्ही पेट्या दाराजवळच, कुंडीच्या त्याच टेबलाखाली सरकवल्या. "इथेच घाल ना अढी. इथे काय वाईट आहे?"

"बरं. बस तरी. पाणी घे."

"गाडी खाली उभी आहे गं."

"फुलं तरी बघ. सात झाली. एक पण गळलं नाही."

मी दारातूनच बघितली. पांढरी, मध्ये जांभळट गुलाबी, सातही जणी खिडकीकडे तोंड करून. "वा," म्हणालो आणि जिना उतरलो. दारापासून पलंगापर्यंत आठ पावलं आहेत. मी नंतर मोजली.

ताईला मी जिवंत बघितलं ते तेव्हा शेवटचं.

बारा-तेरा दिवसांनी तिचा फोन आला. आंबे तयार आहेत, कधी येतोस? शनिवारी, असं मी म्हणालो. शनिवारी मोबाइलवरून एक डिलिव्हरीवाला बोलावला आणि त्याला ताईच्या पत्त्यावर पाठवला. तो दोन पेट्या आमच्या गेटवर सोडून गेला. प्रत्येक आंबा वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला होता, एकाही आंब्याला पेंढ्याची काडी चिकटलेली नव्हती. आम्ही रस काढला. दुपारी मी फोन केला.

"ताई, आंबे एक नंबर."

"पोराला आवडले?"

"तीन वाट्या रस खाल्ला. फुलं आहेत ना?"

ती थोडं थांबली आणि म्हणाली, "आहेत."

ती खरंच थांबली होती का, की मी तो थांबा आता तिथे ठेवतो आहे, हे मला नक्की सांगता येत नाही. इतक्या वेळा तो फोन मी मनात ऐकला आहे की त्यातलं मूळचं किती आणि माझं किती, हे वेगळं करता येत नाही.

जूनभर हेच चाललं. अजून आहेत? अजून आहेत. जूनच्या शेवटी तर मी यार्डाच्या कँटीनमध्ये मिरवलं होतं, आमच्या ताईकडचं ऑर्किड साडेतीन महिने झाले, एक फूल हललं नाही. दोघांनी माझ्याकडून नर्सरीचा पत्ता घेतला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी नऊला खालाचा फोन आला. ताईच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती, म्हणून तिने दार वाजवलं, मग स्वतःकडच्या किल्लीने उघडलं. ताई देवासमोरच्या खुर्चीत बसलेली होती. निरांजन लावायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि हेही म्हणाले की दम लागत असणार तिला गेले दोन-तीन महिने. आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा घरात चार-पाच बायका होत्या. ताईला खाली चटईवर ठेवलं होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मग, का कुणास ठाऊक, टेबलाकडे. कुंडी जागेवर होती. पानं लख्ख पुसलेली. काठीला बांधलेला दांडा मात्र पूर्ण बोडका होता. खालीही एक पाकळी नव्हती.

"फुलं कधी गळली?" मी खालाला विचारलं. ती वेळ हे विचारायची नव्हती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

"ती तर आंब्यांच्या दिवसांतच गेली भाई. आठ दिवसांत सगळी. रोज एक, दोन. दीदी फार परेशान होत्या. म्हणायच्या, माझ्याच हाताला गुण नाही, एवढं महागाचं त्याने आणलं आणि मी मारलं."

"मला तर आहेत म्हणायची."

खाला पदर नीट करत खाली बघून म्हणाली, "मी बोलले ना त्यांना. भावाला कळवा, ते दुसरं आणतील, त्यांनीच तर सांगितलंय. तर म्हणाल्या, नको. कळवलं की त्याला वाटेल मी बोलावतेय."

दिवस झाल्यावर घर आवरताना देवघराच्या खालच्या फळीवर पितळी तबक सापडलं. त्यात सात वाळलेली फुलं होती, कागदासारखी तपकिरी, एकाला एक न लागता मांडलेली. खाली पडलेलं फूल देवाला घालायचं नाही, एक प्राजक्त सोडून, हा ताईचा नियम होता. म्हणून देवाच्या खालच्या फळीवर. टाकून द्यायलाही तिचा हात झाला नाही.

ती कुंडी मी खारघरला आणली. झाड जगवायचं हे एवढंच डोक्यात होतं. पाणी जास्त झालं असेल, ताईने प्रेमाने रोज ओतलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, आणि त्यात मला थोडं बरंही वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते. सप्टेंबरात मी कुंडी घेऊन त्याच नर्सरीत गेलो. मालकाने झाड कुंडीतून अलगद काढलं, मुळं बोटांनी चाचपली.

"पाणी जास्त झालं असेल ना?" मी म्हणालो.

"नाय साहेब. मुळा बगा कशी घट हायत. एक पन सडलेला नाय. ज्यांनी संबाळलाय त्यांनी लय नीट संबाळलाय, आमच्याकडं पन येवढा कोन करत नाय." त्याने झाड परत बसवलं. "फुला हळूहळू गेली का एकदम?"

"आठ दिवसांत सगळी. मेमध्ये."

"मेमधी? मंग घरात आंबे व्हते काय पिकाया?"

मी मान हलवली.

"जवळच ठेवले असतील. आंब्याच्या वाफेनं ह्या फुलाचा जीव जातो. तेंचा काय दोष नाय वो. तेना सांगा, परत फुलंल."

तेना सांगा. मी झाड गाडीत ठेवलं आणि पळस्प्याच्या पुढे कडेला गाडी लावून कितीतरी वेळ बसून राहिलो.

बायकोला मी सगळं सांगितलं. टेबल, पेट्या, बूट, आठ पावलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "अहो, आंब्यांनी गळली काय आणि पाण्याने गळली काय. फुलं राहिली असती तरी तुम्ही गेला नसतात."

ती वाईट बोलली नाही. खरं बोलली. आंब्यांचा दोष मला सोपा होता. तो चूक म्हणून सांगता येत होता, लोकांना सावध करता येत होतं, त्याच्यावरून ऑर्किडवाले काका होता येत होतं. आठ शनिवार, नऊ शनिवार, त्यांना कुठला वायू कारण नव्हता.

अजूनही आंब्यांच्या दिवसांत आमच्या घरात वास सुटला की मी खोलीतून उठतो. बायकोने पेट्या स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली आहे, दार लावून. शनिवारी चारला यार्डात चहा येतो तेव्हा हात फोनकडे जातो. कधी कधी मी खरंच तो नंबर काढतो आणि बघत बसतो. आणि कानात येतं, आहेत. तिच्या आवाजात, जरासं दमल्यासारखं. तेव्हा मला तो दम ऐकू आला नव्हता. आता रोज येतो.

पहिल्या हिवाळ्यात, पानांच्या बगलेतून नवा दांडा निघाला. फेब्रुवारीत तीन फुलं आली. ऑर्किडची फुलं उजेडाकडे वळतात. तिन्ही बाल्कनीबाहेर, पनवेलच्या दिशेला तोंड करून उमलली आणि घरातून मला फक्त त्यांच्या पाठी दिसत राहिल्या. कुंडी फिरवून ठेवता आली असती. मी फिरवली नाही. मेपर्यंत त्या पाठी बघितल्या. त्या वर्षी ती कुंडी घेऊन कुठे जायला हवं हे मला माहीत होतं, पण ते दोन जिने चढायचा धीर झाला नाही. ताईचं घर मी विकलं नाही, भाड्यानेही दिलं नाही. कुलूप लावलं आहे.

या वर्षी चार आली. नवव्या मजल्यावरची ती मुलगी उतरून गेली, मी लिफ्टमधून खाली जाऊन परत वर आलो, बाल्कनीत गेलो, तेव्हा चौथी कळी उघडत होती. तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, कुंडी पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधली आणि पनवेलला गेलो.

खालाने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेत. तिने आधी मला बघितलं, मग कुंडी, आणि "या अल्ला" म्हणून दाराला धरून उभी राहिली. "हे दीदींचंच?"

"तेच."

मी आत बसलो आणि सांगितलं. ताईने झाड मारलं नव्हतं. आंब्यांमुळे फुलं गेली आणि आंबे तिथे मी ठेवले होते. तिने सांगितलेल्या जागी ठेवले असते तर काही झालं नसतं. जे ताईला सांगायला हवं होतं ते, तिची ती खंत ठाऊक असलेल्या एकाच माणसाला मी सांगत होतो. मी थांबल्यावर खालाने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"दीड वर्ष झालं."

"मग दीड वर्ष कुठे होता?"

तिने सरबत आणलं. माफ करते किंवा जाऊ दे असं काही ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं असं मलाही वाटलं नाही. ते तिच्या हातात नव्हतं. मग तिने फुलाला बोट लावलं.

"किती दिवस राहतं हे?"

"तीन महिने."

"अच्छा. म्हणजे आता तीन महिने दिसणार नाही तुम्ही."

तिला ताईचं ते वाक्य ठाऊक असणं शक्य आहे. ताईने हसत हसत सांगितलं असेल. किंवा ते तिचं तिलाच सुचलं असेल. मी विचारलं नाही. कुंडी तिच्या खिडकीत ठेवली, पाण्याचं सांगायला लागलो तर म्हणाली, "मला शिकवू नका, दीदींनी शिकवलंय सगळं." जाताना मी तिच्या स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, आंबे, केळी काही आहेत का ते. तिने ते बघितलं.

तेव्हापासून मी शनिवारी जातो. आधी फोन करत नाही. खालाला फुलपुडी नको असते, मग बाजारातून पाव नेतो, कधी मासळी. ती वजनाबद्दल विचारत नाही. तिच्या मुलांबद्दल बोलते, त्यांचे फोन येतात, फोनवर ती त्यांना सगळं ठीक आहे असं सांगते. ते ऐकताना मला तिथे बसवत नाही, तरी बसतो.

गेल्या शनिवारी खिडकीच्या कट्ट्यावर एक फूल वेगळं काढून ठेवलेलं होतं, बशीत.

"काल पडलं," खाला म्हणाली. "फेकलं नाही. तुम्ही आलात की दाखवावं म्हटलं."

मी ते हातात घेतलं. अजून मऊ होतं.

"तीन राहिली," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी किती असतील?"

"येऊन बघतो."

समोरच्या कुलपाकडे न बघता मी जिना उतरलो. तेवढं अजून जमत नाही.